मांजरासाठी ट्रॅकर पट्टा कसा निवडावा: शेवटच्या वीस मीटरांचा विचार आधी

मांजर घरी आलं नाही की डोळ्यांसमोर उभं राहतं ते दूर कुठेतरी भरकटलेलं मांजर. प्रत्यक्षात ते बहुतेकदा जवळच असतं आणि घाबरून गप्प बसलेलं असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारांहून अधिक हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा केली होती. त्यातली जी सापडली त्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच मिळाली. २०२० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून पाहिलं, तेव्हा त्यांतली बहुतेक घरापासून १०० मीटरांच्या परिघातच वेळ घालवताना दिसली.

म्हणून ‘हे यंत्र किती किलोमीटरवरून दिसेल’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा: मांजर माझ्यापासून वीस मीटरवर, जिन्याखालच्या अडगळीत श्वास रोखून बसलंय, तर हे यंत्र मला त्याच्यापर्यंत नेईल का? पुढची सगळी निवड या प्रश्नाभोवती करा.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप ठावठिकाणा सांगत नाही. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र काही सेंटीमीटरांवर आणलं की ती फक्त आपला १५ अंकी क्रमांक सांगते. ती हवीच, कारण पट्टा गळून पडतो आणि चिप पडत नाही. पण ती ट्रॅकरची जागा घेऊ शकत नाही, आणि ट्रॅकरही तिची.

तीन प्रकार, तीन वेगळी कामं

जीपीएस ट्रॅकर उपग्रहांना काही पाठवत नाही, तो फक्त त्यांचे संकेत ऐकतो. किमान चार उपग्रह नीट ऐकू आले की स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमवरून ती तुमच्या फोनला कळवतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात, मोकळं आकाश आणि मोबाइलची रेंज. उघड्यावर चूक साधारण पाच मीटरांची असते. उंच भिंतींच्या मधल्या बोळात संकेत भिंतींवर आपटून येतात, मग तीच चूक तीस-पन्नास मीटर होते आणि नकाशावरचा ठिपका या इमारतीवरून त्या इमारतीवर उड्या मारतो. तळघरात, गाडीखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तर नवी जागा बहुधा मिळतच नाही.

रेडिओ ट्रॅकरमध्ये गळ्यात एक छोटा टॅग असतो आणि तुमच्या हातात वेगळं यंत्र. हे यंत्र हातात धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. टॅगच्या दिशेला तोंड झालं की दिवे वाढतात, आवाज जलद होतो. टॅग पाच-सहा ग्रॅमचेही मिळतात. सिम नाही, वर्गणी नाही, बॅटरी महिनोन्‌महिने टिकते. मोकळ्या जागेत पल्ला शंभर-सव्वाशे मीटर, भिंती आल्या की त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी. आपण पल्ल्याबाहेर असलो तर यंत्र काहीच सांगत नाही, चालत चालत पल्ल्यात जावं लागतं. पण मांजर कपाटामागे आहे की शेजारच्या गच्चीवर, हे ते जितकं नेमकं सांगतं तितकं जीपीएस सांगू शकत नाही.

ब्लूटूथ टॅग मुळात किल्ल्या आणि बॅगांसाठी बनवलेले आहेत. आसपास फोन घेऊन जाणाऱ्या अनोळखी माणसांच्या फोनमार्फत ते तुम्हाला जागा कळवतात. गजबजलेल्या वस्तीत त्यामुळे कामाची माहिती मिळते. शेतात, रानात, रात्री दोन वाजता मिळत नाही. मिळते ती जागाही मांजराची नव्हे, त्याच्या जवळून गेलेल्या फोनची असते, आणि ती कितीतरी वेळापूर्वीची असू शकते. शिवाय लपूनछपून माणसांचा माग काढला जाऊ नये म्हणून या टॅगना काही बंधनं घातलेली आहेत. मालकाच्या फोनपासून बराच वेळ दूर राहिला की ॲपलचा एअरटॅग हलल्यावर स्वतःहून वाजू लागतो. आधीच घाबरलेल्या मांजराच्या गळ्याशी हा आवाज होणं चांगलं नाही.

आमचा सल्ला असा. मांजर घराच्या आसपासच वावरत असेल किंवा घरातलंच असेल आणि दार उघडं राहिल्यावर निसटण्याची भीती असेल, तर रेडिओ टॅग घ्या. ते रोज लांब जात असेल, वस्ती ओलांडत असेल, रात्र-रात्र बाहेर राहत असेल, तर जीपीएस. पण असा, ज्याला फोनवरून वाजवता येतं आणि जवळ गेल्यावर ब्लूटूथने ‘तापलं, गार झालं’ असं अंतर दाखवता येतं. नुसता नकाशा दाखवणारा जीपीएस तुम्हाला योग्य गल्लीत नेऊन सोडतो, आणि खरा शोध तिथूनच सुरू होतो. ब्लूटूथ टॅग हा फक्त वजन आणि खर्च परवडत नसेल तेव्हाचा पर्याय.

वजन: तराजू काढा

जाहिरातीत छापलेलं वजन बहुधा नुसत्या यंत्राचं असतं. पट्टा, बक्कल, यंत्र बसवायची खोबण, घुंगरू हे सगळं धरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. मांजराचं वजन करायचं तर ते उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात जड पट्टे घातलेली मांजरं कमी हिंडताना दिसली आणि शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांची मर्यादा सुचवली गेली. रोजच्या वापरासाठी आम्ही याहून कडक, १ टक्क्याचा नियम पाळतो. कारण हे वजन पाठीवर पसरत नाही, ते गळ्याच्या एकाच जागी लोंबतं. चार किलोच्या मांजराला सगळं मिळून ४० ग्रॅम. २८ ग्रॅमचं यंत्र आणि १० ग्रॅमचा पट्टा यात बसतात. अडीच किलोच्या लहानखुऱ्या मांजरीला मर्यादा २५ ग्रॅमची, म्हणजे सिमवाले बहुतेक ट्रॅकर बाद आणि रेडिओ टॅगच योग्य. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ट्रॅकर लावूच नका. त्याची मान आठवड्या-आठवड्याला वाढते.

वजनाइतकाच आकारही बघा. यंत्र पाच-सहा सेंटीमीटरांहून लांब असेल तर छाती चाटताना त्याच्या कडा जबड्याला लागतात. गळ्याच्या गोलाईप्रमाणे किंचित वाकवलेलं यंत्र सपाट डबीपेक्षा केव्हाही बरं. पाण्याच्या वाडग्याच्या काठावर ते आपटतं का, हेही घरी पाहायला हवं. आपटत असेल तर उथळ, पसरट वाडगा द्या.

पट्टा हाच यातला सर्वांत नाजूक भाग

लोक यंत्रावर आठवडाभर विचार करतात आणि पट्टा मिळेल तो घेतात. इजा मात्र यंत्राने होत नाही, पट्ट्याने होते. पट्टा फांदीत किंवा कुंपणाच्या तारेत अडकतो आणि मांजर लटकतं. किंवा अंग चाटताना खालचा जबडा पट्ट्यात जातो. किंवा पुढचा एक पाय पट्ट्यातून बाहेर येतो आणि पट्टा काखेत कापत राहतो. ही शेवटची जखम फार खोल जाते, भरायला महिने लागतात आणि कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

साधा बेल्टासारखा बक्कलचा पट्टा मांजराला नकोच. ताणणारा इलॅस्टिकचा पट्टा सुरक्षित वाटतो, पण पाय अडकण्याची सोय नेमका तोच करून देतो, कारण तो पाय आत जाईल इतका ताणतो आणि मग आवळतो. घ्यायचा तो झटका बसला की आपोआप सुटणारा, सेफ्टी बक्कलचा पट्टा.

तो खरंच सुटतो का, हे घरीच तपासा. पट्टा बंद करून दाराच्या मुठीला अडकवा. खालच्या बाजूला दोरीने एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा, मग दोन लिटरची. चार किलोच्या मांजरासाठी बक्कल दोन किलोच्या आसपास सुटायला हवं. एक आणि दोन लिटरच्या दोन्ही बाटल्या एकत्र बांधूनही ते घट्टच राहिलं तर पट्टा परत करा. उलट, यंत्र बसवून पट्टा हाताने जरा हलवला आणि तेवढ्यानेच बक्कल सुटलं, तर तो रोज कुठेतरी पडणार. बक्कल मातीने आणि केसांनी जाम होतं, म्हणून ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

यातली एक अडचण आधीच मान्य करून टाका. पट्टा सुटला की यंत्र तिथेच पडतं आणि नकाशा तुम्हाला मांजराऐवजी यंत्राकडे नेतो. यावर उपाय म्हणून न सुटणारा पट्टा वापरायचा मोह होतो. तो आवरा. हरवलेलं यंत्र परत घेता येतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने फोन नंबर लिहा, म्हणजे ज्याला सापडेल तो कळवू शकेल.

यंत्र कडीला लोंबकळत असेल तर चालताना हलतं, दातांवर आपटतं. पट्टा ज्याच्या खाचांमधून ओवला जातो असं यंत्र घ्या. खाचेची रुंदी आणि पट्ट्याची रुंदी जुळते का ते बघा. मांजराचे पट्टे साधारण १० ते १२ मिलिमीटर रुंद असतात, आणि कुत्र्यांसाठीच्या यंत्रांच्या खाचांत ते सैल पडून घसरतात. बक्कल यंत्राच्या बरोबर समोर, मानेमागे यावं. घट्टपणा इतकाच की पट्ट्याखाली एक बोट सहज आणि दुसरं जेमतेम जाईल. लांब केसांच्या मांजरात केस बाजूला सारून मोजा, नाहीतर पट्टा घट्ट वाटतो आणि असतो सैल.

जीपीएस घेताना पाहायच्या गोष्टी

आधी नेटवर्क. कित्येक देशांत २जी आणि ३जी बंद झालं आहे किंवा बंद होत आहे. फक्त २जीवर चालणारा स्वस्त ट्रॅकर एक दिवस अचानक मुका होतो, आणि बिघाड यंत्रात आहे असं समजून माणूस ते उगाच चार्ज करत बसतो. लहान यंत्रांसाठी बनवलेलं एलटीई-एम हे नेटवर्क तुमच्याकडे चालत असेल तर ते चांगलं, ते कमी बॅटरीत काम करतं. सिम एकाच कंपनीला बांधलेलं आहे की जी रेंज मिळेल ती पकडणारं, हे विचारा. दुसऱ्या प्रकारचं घ्या.

बॅटरीच्या बाबतीत ‘सात दिवस चालते’ याला फारसा अर्थ नाही. आकाश नीट दिसत नसेल तर यंत्र उपग्रह शोधत राहतं. मोबाइलची रेंज क्षीण असेल तर संदेश पाठवायला जास्त जोर लावतं. दोन्हींत बॅटरी जाते. म्हणून तेच यंत्र एका घरी पाच दिवस चालतं आणि दुसऱ्या घरी दोन. दर काही सेकंदांनी जागा सांगणाऱ्या लाइव्ह मोडमध्ये तर काही तासांतच संपतं. थंडीत अजून लवकर.

बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रं घरच्या वाय-फायच्या टप्प्यात असताना जीपीएस बंद ठेवतात. ही सोय उत्तम आहे, पण तिच्यात एक खोच आहे. वाय-फाय अंगणाबाहेर, रस्त्यापलीकडेही पोचत असतं. मांजर समोरच्या बंद गोदामात अडकलेलं असताना ॲप शांतपणे ‘घरी आहे’ म्हणत राहतं. फोन घेऊन घराभोवती फिरा, वाय-फाय कुठवर लागतं ते बघून ठेवा आणि मांजर दिसेना झालं की ही सोय ॲपमधून तात्पुरती बंद करा.

हद्द ओलांडली की सूचना देणारं आभासी कुंपण पन्नास मीटरांहून लहान त्रिज्येचं ठेवू नका. घरात झोपलेल्या मांजराचा ठिपकाही तीस-चाळीस मीटर सरकतो. मग रात्रभर खोट्या सूचना येतात आणि चौथ्या दिवशी माणूस त्या बंद करून टाकतो. खरी सूचना पाचव्या दिवशी येते.

पाण्यासाठी आयपी६७ पुरेसं. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. चार्जिंगच्या उघड्या टोकांवर मात्र लाळ आणि माती साचते. कोरड्या मऊ ब्रशने ती साफ ठेवली नाहीत तर रात्रभर लावूनही चार्ज होत नाही. बटणासारखा सेल असलेल्या टॅगचं झाकण स्क्रूचं असावं, नुसतं फिरवून उघडणारं नको. गिळलेला लिथियम सेल काही तासांत अन्ननलिका भाजतो. असा संशय जरी आला तरी थांबू नका, ताबडतोब पशुवैद्याकडे जा.

किंमत बघताना यंत्र आणि तीन वर्षांची वर्गणी यांची बेरीज करा. वर्गणी थांबवली तर यंत्र पूर्ण बंद पडतं की निदान ब्लूटूथने जवळचा शोध चालू राहतो, हेही आधी विचारा.

मांजराच्या आधी स्वतः वापरून बघा

परत करायची मुदत चालू असतानाच ही चाचणी उरका. यंत्र पूर्ण चार्ज करून अर्धा तास मोकळ्या आकाशाखाली ठेवा. मग ते खिशात टाकून मांजराच्या नेहमीच्या वाटेने वीस मिनिटं चाला, मध्ये तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबा. घरी येऊन नकाशावरची रेघ पाहा. थांबलेली ठिकाणं ओळखू येतात का, रेघ भलत्याच रस्त्यावर जाते का?

नंतर यंत्र मांजराच्या लपायच्या जागांत ठेवा: गाडीखाली, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीमागे. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. कुठे ठिपका गोठतो ते लिहून ठेवा. प्रत्यक्ष शोधाच्या वेळी हीच यादी सर्वांत उपयोगी पडते, कारण ठिपका गोठला म्हणजे मांजर त्यांतल्याच एखाद्या जागी असण्याची शक्यता मोठी. शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी यंत्र लपवायला सांगा आणि फक्त ॲप किंवा हातातलं यंत्र वापरून शोधा. दहा मिनिटांत सापडलं नाही तर ते तुमच्या वस्तीसाठी योग्य नाही.

गळ्यात बांधल्यावर निकाल याहून थोडे वाईट येतील हे धरून चाला. वजनामुळे यंत्र हनुवटीखाली सरकतं, अँटेना जमिनीकडे तोंड करते आणि मधे मांजराचं शरीर येतं. ते संकेत शोषून घेतं.

सवय लावणं

पहिले तीन-चार दिवस नुसता पट्टा, तोही जेवणाच्या किंवा खेळाच्या वेळी घाला, म्हणजे लक्ष दुसरीकडे राहतं. मांजर मागे मागे चालेल, आडवं पडेल, पट्टा खाजवेल. हे एक-दोन दिवसांत थांबतं. मग यंत्र लावा, सुरुवातीला तासभर आणि तुमच्या नजरेसमोर. एकदा तरी उडी मारताना, एकदा खाताना आणि एकदा अंग चाटताना बघा. आठवड्यानंतरच त्याला पट्ट्यासह बाहेर सोडा. फोनवरून वाजवायचा आवाजही या काळातच शिकवा. आवाज झाला की लगेच खाऊ, रोज दोन-तीनदा. दहा-बारा दिवसांत पुष्कळ मांजरं त्या आवाजाला घरी येतात. पट्ट्याच्या सगळ्या सोयींत आम्हाला ही सर्वांत मोलाची वाटते.

दर आठवड्याला पट्टा काढून मान तपासा. केस गळलेत का, कातडी लाल आहे का, काखेत ओलसर डाग आहे का? यातलं काही दिसलं तर बरं होईपर्यंत पट्टा बंद.

मांजर दिसेना झालं तर

नकाशा उघडला की ठिपक्याआधी वेळ बघा. चाळीस मिनिटांपूर्वीचा ठिपका हा पुरावा आहे, पत्ता नव्हे. लाइव्ह मोड लगेच सुरू करू नका. बॅटरी २० टक्क्यांखाली असेल तर तो ठिपक्याच्या जागी पोचल्यावरच चालू करा, नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत यंत्र बंद पडेल. निघताना फोन पूर्ण चार्ज आणि हातात चांगली विजेरी असू द्या. जमलं तर पॉवर बँकही घ्या.

शेवटच्या ठिपक्यापाशी उभे राहा आणि तिथून बाहेरच्या बाजूला शोधत जा. हाका मारत धावू नका. घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही उत्तर देत नाही आणि माणसं धावली की आणखी आत सरकतं. रात्री, वाहतूक थांबल्यावर, विजेरी स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीलगत प्रकाश फिरवा. मांजराचे डोळे तो परत फेकतात आणि गाडीच्या चाकामागचे दोन हिरवट ठिपके लांबूनही दिसतात. ठिपका गोठलेला असेल तर तुमची लिहून ठेवलेली यादी काढा आणि प्रत्येक जागी खाली वाकून, प्रत्यक्ष आत डोकावून बघा. शेजाऱ्यांना नुसतं ‘मांजर दिसलं का’ असं विचारू नका. त्यांच्यासोबत गोदाम, गॅरेज, शेड उघडून बघा, कारण दार बंद करणाऱ्याला मांजर आत गेल्याचं बहुधा कळलेलंच नसतं.

ठिपक्याच्या जागी नुसता पट्टा सापडला तर बक्कल बघा. ते नीट सुटलेलं असेल तर मांजर तिथे अडकून निसटलं, म्हणजे शोध त्या जागेपासूनच सुरू करायचा. पट्टा कापलेला किंवा उसवलेला असेल तर आसपासच्या लोकांना विचारा, आणि चिपची नोंद जिथे केली आहे तिथे मांजर हरवल्याचं त्याच दिवशी कळवा.